विश्लेषण : रानफुलाचा फोटो तर काढला, नाव कसे शोधायचे? सह्याद्रीतील वनस्पती ओळखण्याची योग्य पद्धत कोणती?

पावसाळा सुरू झाला की समाजमाध्यमांवर रानफुलांच्या छायाचित्रांचा पूर येतो. कास, आंबोली, माळशेज, हरिश्चंद्रगड असे कोणतेही ठिकाण असो, फुलाचा एक झकास फोटो आणि खाली ‘हे कोणते फूल?’ असा प्रश्न ठरलेला. उत्तरेही लगेच येतात. एका फुलाला पाच नावे मिळतात आणि त्यातले एखादेही बरोबर असेल याची खात्री नसते. अलीकडे मोबाइलमधील अ‍ॅप क्षणात नाव सांगते. ते नाव बरोबर आहे का, हे ठरवायचे कसे, फोटो कसा काढला तर वनस्पती नक्की ओळखता येते आणि अशा नोंदींचा उपयोग काय, याचा हा आढावा.

सह्याद्रीतील रानफुलांचे एवढे महत्त्व का?

तापी नदीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेला पश्चिम घाट जगातील जैवविविधतेच्या दृष्टीने अतिसंपन्न आणि तेवढ्याच संकटग्रस्त प्रदेशांपैकी एक मानला जातो. २०१२मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील चार महाराष्ट्रातील आहेत : कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य.

यातील कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तिथे जंगल नाही, माती जेमतेम काही सेंटिमीटर जाडीची. खाली जांभ्या खडकाचा सपाट कातळ. उन्हाळ्यात तो तापून निघतो, पावसाळ्यात त्यावर पाणी साचते. पोषकद्रव्ये कमी, पाणी कधी फार तर कधी अजिबात नाही. अशा जागी मोठे वृक्ष वाढत नाहीत. वाढतात त्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून जाणाऱ्या छोट्या वनस्पती आणि जमिनीखाली कंद राखून उन्हाळा काढणाऱ्या प्रजाती. पोषणाची कमतरता काही वनस्पती कीटक पकडून भरून काढतात. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांना कीटक चिकटतात. ‘सीतेची आसवे’ या नाजूक जांभळ्या फुलांच्या वनस्पतीचे सापळे तर ओल्या मातीत दडलेले सूक्ष्म फुगे असतात. वर दिसते ते फक्त फूल.

कोकणात अशाच कातळ पठारांना सडा म्हणतात. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील सडे महसुली नोंदीत बहुतेकदा पडीक किंवा पोटखराबा म्हणून दाखवलेले असतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तिथे खरेच काही दिसत नाही. त्यामुळे चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या बागा, रस्ते आणि बांधकामे यांसाठी ही जागा ‘रिकामी’ ठरते. तिथे काय उगवते, याची नीट नोंद नसणे हे त्यामागचे एक कारण आहे.

देशी, प्रदेशनिष्ठ आणि परदेशी यांत फरक काय?

रानात आपोआप उगवलेली प्रत्येक वनस्पती देशी नसते. घाणेरी, गाजर गवत, रानमोडी, रानतुळस या महाराष्ट्रभर पसरलेल्या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. रस्त्याच्या कडेला आणि टेकड्यांवर सप्टेंबरमध्ये नारिंगी-पिवळ्या फुलांचा गालिचा घालणारा कॉसमॉसही तिकडचाच. माळावर सर्वत्र दिसणारी आणि जखमेवर पाला चोळण्यासाठी गावोगावी परिचित असलेली एकदांडी हीसुद्धा बाहेरून आली आहे.

जी वनस्पती माणसाने आणल्याशिवाय एखाद्या भागात मुळातच वाढते ती तिथली देशी. त्याहून मर्यादित अर्थ प्रदेशनिष्ठ या शब्दाला आहे. जी वनस्पती जगात केवळ एका विशिष्ट प्रदेशातच आढळते, ती प्रदेशनिष्ठ. पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्री पिवळा करणारी सोनकी पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. ‘वायतुरा’ ही कास परिसरातील डबक्यांत वाढणारी पाणवनस्पती त्याहून मर्यादित आहे. तिचा फुलोरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून हे नाव. तिच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे : अपोनोजेटॉन सातारेन्सिस. अशी प्रजाती एका डबक्यातून नाहीशी झाली तर तिच्या जगातील एकूण अस्तित्वाचाच एक तुकडा जातो.

म्हणूनच पिवळे फूल दिसले की ‘सोनकी’ म्हणून मोकळे होणे पुरेसे नाही. सोनकी, कॉसमॉस आणि बागेतून पळालेली वेडेलिया ही तिन्ही पिवळी, तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. एक सह्याद्रीची खूण, बाकी दोन तिच्या जागेवर पसरणारे पाहुणे.

एका फोटोवरून ओळख का पटत नाही?

बहुतेक जण फुलाचा समोरून, अगदी जवळून फोटो काढतात. तो दिसायला सुंदर असतो. मात्र वनस्पतिशास्त्रात प्रजाती ठरते ती पाने, खोड, फुलाची मागची बाजू, फळ, बी अशा अनेक लक्षणांच्या जुळणीवरून.

कुड्याचे उदाहरण घेता येईल. पांढरा कुडा आणि काळा कुडा हे दोन्ही लहान वृक्ष आहेत. दोघांनाही पांढरी फुले येतात, दोघांचेही पान तोडले की चीक निघतो, दोघांनाही लांब शेंगा जोडीने लागतात. दुरून काढलेल्या फोटोत ते वेगळे सांगणे अवघड. पण फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे तंतू दिसले तर तो काळा कुडा. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ही झालर नसते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांना जुळलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. पांढऱ्या कुड्याची साल औषधात वापरली जाते आणि कोकणात त्याच्या फुलांची भाजी होते. तेव्हा हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही.

सूर्यफुलाच्या कुळात वेगळी अडचण येते. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरे तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. प्रजाती ठरवताना या गुच्छाला खालून वेढणारी हिरवी पाने पाहावी लागतात. समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाहीत.

कोणकोणते फोटो घ्यावेत?

एका वनस्पतीचे किमान सहा-सात फोटो घेतले तर जाणकाराला काम करता येते. क्रम साधारण असा ठेवावा.

१. परिसर : वनस्पती कातळावर आहे, डबक्यात आहे, झाडाच्या खोडावर आहे की जंगलाच्या सावलीत, हे दाखवणारा दुरून घेतलेला फोटो.

२. संपूर्ण वनस्पती : जमिनीपासून शेंड्यापर्यंत. झुडूप आहे, वेल आहे की गवतासारखी पाती, हे यातून कळते.

३. पानांची मांडणी : पाने खोडावर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की एका पेराभोवती चक्राकार आहेत. ओळख पटवताना सर्वाधिक उपयोगी पडणारे आणि सर्वात जास्त विसरले जाणारे लक्षण हेच.

४. पान : वरून आणि खालून. कडा सरळ आहेत की दातेरी, लव आहे का, शिरा कशा आहेत, देठाशी उपपर्णे आहेत का, हे दिसावे. पान न तोडता बोटाने उलटवूनही खालची बाजू टिपता येते.

५. खोड : तुळशीच्या कुळातील वनस्पतींचे खोड चौकोनी असते. काटे, केस, पेरांचा फुगीरपणा हेही नोंदवावे.

६. फूल : समोरून, बाजूने आणि मागून. बाजूने घेतलेल्या फोटोत फुलाची नळी किंवा तेरड्यासारख्या फुलाची मागे लोंबणारी शेपटी दिसते. मागून निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दले दिसतात.

७. फळ आणि बी : असल्यास जरूर. अनेक कुळांत अंतिम निर्णय फळावरच होतो.

प्रत्येक संचात एक फोटो मापासह असावा. शेजारी नाणे, पेनाचे टोपण किंवा छोटी पट्टी धरली की पुरते. कासवरील काही फुले तांदळाच्या दाण्याएवढी असतात. जवळून काढलेल्या फोटोत ती जास्वंदीएवढी भासतात आणि ओळखणाऱ्याची तिथेच दिशाभूल होते.

जोडीला चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : तारीख, ठिकाण, अंदाजे उंची आणि फोटोत न येणारी लक्षणे, म्हणजे वास, चीक, फुलाचा प्रत्यक्ष रंग. वास पाहण्यासाठी अनोळखी पान चुरगळणे मात्र टाळलेले बरे. खाजकुयलीची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते आणि रुई, थोर यांचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होऊ शकते.

मोबाइलने चांगला फोटो येतो का?

येतो, पण मोबाइलची काही वैशिष्ट्ये सुंदर फोटोसाठी असतात, ओळखीसाठी नव्हे. ‘पोर्ट्रेट’ पद्धतीत मागचा भाग संगणकीय पद्धतीने धूसर केला जातो. त्यात फुलाच्या बारीक कडा, केसर आणि लवही पुसली जाते. रंग खुलवणारे फिल्टरही तसेच. ओळखीसाठी काढलेल्या फोटोत दोन्ही बंद ठेवावेत.

अनेक स्वस्त फोनमधील ‘मॅक्रो’ कॅमेरा केवळ दोन मेगापिक्सेलचा असतो. त्याऐवजी मुख्य कॅमेऱ्याने थोडे मागे राहून फोटो काढला आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घेतला तर तपशील अधिक मिळतो. फुलाला अगदी चिकटून फोन धरला की कॅमेरा मागच्या गवतावर स्थिरावतो आणि फूल धूसर येते. थोडे मागे सरकून, पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवून मग फोटो काढावा. बारीक गवतफुलांमागे तळहात किंवा काळा कागद धरला तर कॅमेऱ्याला फूल सापडते. हा कागद पिशवीत कायम ठेवावा, पावसात भिजला तरी हरकत नाही.

पांढरी आणि पिवळी फुले भर उन्हात पांढऱ्या डागासारखी येतात. पडद्यावर बोट टेकवल्यावर दिसणारी प्रकाशाची पट्टी थोडी खाली ओढली की पाकळ्यांच्या शिरा दिसू लागतात. ऊन कडक असेल तर छत्रीची सावली पाडावी. ढगाळ हवा फुलांसाठी सर्वात चांगली. फ्लॅश शक्यतो नकोच. निळा-जांभळा रंग मोबाइलमध्ये बऱ्याचदा बदलतो, म्हणून प्रत्यक्ष रंग शब्दांत लिहून ठेवणे उपयोगी. वारा असेल तर सलग अनेक फोटो घ्यावेत, त्यातला एक तरी स्पष्ट निघतो. पावसात भिंगावर बाष्प धरते, तेव्हा सुती कापड जवळ असावे.

वेळेचेही गणित आहे. केना, आभाळी, नभाळी यांची फुले सकाळी उमलतात आणि बहुधा दुपारपर्यंत मिटतात. उशिरा पोहोचणाऱ्याला तिथे फक्त पाने दिसतात.

अ‍ॅपने दिलेले नाव किती विश्वासार्ह?

गुगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट यांसारखी साधने आधी नावानिशी जमा झालेल्या छायाचित्रांवरून शिकतात. ज्या वनस्पतीचे हजारो फोटो उपलब्ध आहेत ती त्यांना चटकन ओळखता येते. बागेतील झाडे, जगभर पसरलेली तणे, युरोप-अमेरिकेतील रानफुले यांत ती तरबेज असतात. सह्याद्रीतील एखाद्या तालुक्यापुरत्या मर्यादित प्रजातीचे मोजकेच फोटो असतील, तर अ‍ॅप तिच्यासारखी दिसणारी, दूर देशातील परिचित वनस्पती सुचवते. उत्तर ठाम स्वरात येते, म्हणून ते खरे वाटते.

अशा उत्तराची पहिली चाचणी सोपी आहे. सुचवलेली प्रजाती पश्चिम घाटात आढळते का, हे तपासावे. ती केवळ आफ्रिकेत किंवा हिमालयात आढळत असेल तर प्रजातीचे नाव बाजूला ठेवून फक्त कुळ किंवा प्रजातिसमूह घ्यावा. अ‍ॅप बहुतेकदा तिथपर्यंत बरोबर असते.

दुसरी मर्यादा फोटोचीच आहे. पठारांवर पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसणारे गेंद हे त्याचे उत्तम उदाहरण. गेंदाच्या अनेक प्रजाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करायला फुलांचे सूक्ष्म भाग आणि बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. २०२०मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सिंधुदुर्गातून गेंदाची एक नवी प्रजाती जाहीर केली. तिची गुंडी लहान असल्याने नाव दिले गेले एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम. अशा वनस्पतीचे नाव फोटोवरून ठामपणे सांगणारा, मग तो माणूस असो वा अ‍ॅप, अंदाजच करत असतो. ‘गेंद, प्रजाती अनिश्चित’ अशी नोंद चुकीच्या अचूक नावापेक्षा केव्हाही चांगली.

आयनॅचरलिस्टवर अ‍ॅपचे उत्तर अंतिम मानले जात नाही. फोटो, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीवर किमान दोन जणांचे आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले, तरच ती संशोधनयोग्य श्रेणीत जाते. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या भारतीय संकेतस्थळावरही जाणकार नोंदी तपासतात, चुकीची नावे दुरुस्त करतात.

मराठी नाव वापरावे की शास्त्रीय?

दोन्ही. मराठी नावांत पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे, पण एकच नाव अनेक वनस्पतींना आणि एकाच वनस्पतीला अनेक नावे असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात येणारी एकच पालेभाजी कुठे फोडशी, कुठे कुलू तर कुठे काल्ला. उलट ‘सीतेची आसवे’ हे नाव एकाच गणातील अनेक प्रजातींना सरसकट लावले जाते. काही नावे तर पर्यटनातून आली आहेत. कासवर ‘मिकी माऊस’ म्हणून दाखवले जाणारे पिवळे फूल म्हणजे कवला, शास्त्रीय नाव स्मिथिया.

शास्त्रीय नाव जगभर एकच असते, मात्र तेही कायमचे नसते. नवे संशोधन झाले की वर्गीकरण बदलते. जुन्या पुस्तकांत सोनकी ‘सेनेसिओ ग्रॅहमी’ या नावाने सापडेल, आता ती ‘सेनेसिओ बॉम्बेएन्सिस’ आहे. शिवनेरीच्या कड्यावर आढळलेल्या आणि १८६५मध्ये डाल्झेल यांनी वर्णन केलेल्या शिंदळ माकुडीला मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळाले. नंतरच्या अभ्यासात तिचा गण बदलला. तेव्हा पुस्तकातील नाव आणि अ‍ॅपवरील नाव वेगळे दिसले तर लगेच एक चूक ठरत नाही. दोन्ही एकाच वनस्पतीची नावे असू शकतात.

पडताळणीसाठी पुस्तकांचा आधार आजही मोलाचा आहे. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथमाला १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली आणि अभ्यासक अजूनही ती उघडतात. सामान्य वाचकासाठी श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे छायाचित्रांसह असलेले पुस्तक उपयोगी आहे. वाळवून जतन केलेले प्रत्यक्ष नमुने पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था तसेच मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत.

कोणत्या महिन्यात काय पाहावे?

रानफुलांचा हंगाम म्हणजे सप्टेंबर, असा समज कासमुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात पहिल्या पावसापासूनच क्रम सुरू होतो. जूनमध्ये सापकांदा, दीपकाडी, मुसळीच्या जातीची पांढरी फुले आणि रानहळद वर येते. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवर वाढणाऱ्या हाबे आमरीचा, म्हणजे आमरी कुळातील पांढऱ्या फुलांचा काळ. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून गेंद, सीतेची आसवे, तेरडा, कवला आणि दवबिंदू पठार व्यापतात. सप्टेंबर-ऑक्टोबर सोनकीचा. पाऊस लांबला वा लवकर आटोपला तर हे वेळापत्रक पुढे-मागे होते.

कारवीचे मात्र वेगळेच. ती सात-आठ वर्षे फक्त वाढते, मग एकाच वर्षी डोंगरउतार जांभळा होतो आणि बी धरून ती झुडपे मरतात. त्यामुळे एखाद्या डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली, ही साधी नोंदही पुढच्या बहराचा अंदाज देणारी ठरते.

पावसाळा सरला की माणसे पाठ फिरवतात. पण पळस, पांगारा, काटेसावर यांची फुले पानगळीनंतरच बघायची. रानकांदा तर उन्हाळ्यात, पान नसताना फुलतो. एकाच वाटेवर महिन्यातून एकदा वर्षभर गेल्यास जेवढे कळते, तेवढे सप्टेंबरातील एका सहलीत कळत नाही.

ओळख चुकली तर काय बिघडते?

फुलाचे नाव चुकले तर दुरुस्त करता येते. खाण्याच्या बाबतीत ती मुभा नाही. रानभाज्यांबद्दलचे आकर्षण वाढले आहे आणि फोटोवरून ‘ही भाजी खाता येते का’ असे विचारणारेही वाढले आहेत. फोडशीची कोवळी पाती लांब, हिरवी, गवतासारखी. फूल येण्याआधी अशीच लांब पाती असलेल्या इतर वनस्पतीही त्याच माळावर असतात. रानकांदा त्यापैकी एक असून त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. आगीच्या ज्वाळेसारखे देखणे फूल असलेली कळलावी संपूर्ण विषारी आहे, तिचा कंद विशेष घातक.

खाण्याजोगी वनस्पतीही थेट खाता येतेच असे नाही. शेवळात घसा खाजवणारे स्फटिक असतात. म्हणून ते काकडाची फळे, चिंच किंवा आंबोशी घालून शिजवण्याची रीत आहे. हे ज्ञान भाजी विकायला बसणाऱ्या आदिवासी महिलांकडे आहे, फोटोत नाही. अ‍ॅपच्या किंवा समाजमाध्यमावरील उत्तराच्या भरवशावर कोणतीही रानवनस्पती तोंडात घालू नये, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

फुलाचे ठिकाण जाहीर करावे का?

सोनकी किंवा तेरड्याचे ठिकाण सांगण्यात काही गैर नाही. दुर्मीळ प्रजातींबाबत मात्र तेच ठिकाण धोक्याचे ठरते. कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया गणातील वनस्पती, याचे ठळक उदाहरण. तिचे फूल कंदिलासारखे असते. आतल्या केसांमुळे शिरलेली माशी काही काळ अडकते, केस सुकल्यावर सुटते आणि परागकण घेऊन जाते. सह्याद्रीतील यांतील अनेक प्रजाती मोजक्या कड्यांवर किंवा एखाद-दुसऱ्या गडावरच आहेत. त्यांचे कंद खाल्ले जातात, संग्राहकांनाही ते हवे असतात. अशा वनस्पतीचा फोटो नेमक्या ठिकाणासह पसरला तर पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते आणि फोटोसाठी आजूबाजूचे गवत दाबले जाते. कंद उपटला जाण्याची भीती वेगळीच.

मोबाइलच्या मूळ फोटोत ठिकाणाची माहिती दडलेली असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला तर ती सहसा निघून जाते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. ओळखीसाठी जाणकाराला पाठवताना ही माहिती उपयोगी, जाहीर समूहात पाठवताना धोक्याची. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते आणि सर्वांना केवळ मोठ्या चौकोनातील एक अंदाजे बिंदू दिसतो. इतर नोंदींसाठीही हा पर्याय स्वतः निवडता येतो. समाजमाध्यमावर लिहिताना तालुका किंवा जिल्हा सांगणे पुरे.

फोटो काढताना कोणती काळजी घ्यावी?

पठारावर मळलेली वाट सोडली की नुकसान सुरू होते. कातळावरील मातीचा थर एवढा पातळ असतो की बुटाखाली पुढच्या वर्षीची बीजेही दाबली जातात. फुलांच्या गालिच्यात बसून वा लोळून फोटो काढणाऱ्यांमुळे कासवर प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली.

मध्ये येणारे गवत उपटू नये, हाताने बाजूला धरावे. तेच गवत त्या फुलाला उन्हापासून जपत असते. फूल तोडून तळहातावर ठेवून फोटो काढण्यात परागीभवन आणि बी दोन्ही जाते. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या वनस्पतीसाठी ते अख्खे वर्ष असते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पती तोडणे किंवा उपटणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार गुन्हा आहे. कड्याच्या टोकावरील फुलासाठी ओल्या खडकावर उतरणे तर जिवावर बेतणारे.

हौशी नोंदींचा उपयोग कोणाला?

नवी प्रजाती जाहीर करायला फोटो पुरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष नमुना, सविस्तर वर्णन आणि शास्त्रीय नियतकालिकातील प्रसिद्धी लागते. पण कुठे शोधायचे, याची दिशा फोटोतून मिळू शकते. माहीत असलेल्या प्रजातीचे नवे ठिकाण, फुलण्याचा बदललेला काळ, एखाद्या सड्यावर नव्याने शिरलेले परदेशी तण या गोष्टी टिपायला अभ्यासकांची संख्या पुरणारी नाही. त्या गावातल्याच कोणीतरी टिपाव्या लागतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. गावातील वनस्पती, त्यांची स्थानिक नावे आणि उपयोग यांची ही अधिकृत नोंद. तारीख, ठिकाण आणि पडताळलेल्या नावासह काढलेले फोटो या नोंदवहीला आधार देऊ शकतात. एखाद्या सड्यावर खाण किंवा प्रकल्प प्रस्तावित झाला आणि ‘तिथे काहीच नाही’ असे कागदावर आले, तर ग्रामसभेच्या हाती दाखवायला काय आहे, हा प्रश्न येतो. त्या वेळी कोणत्या महिन्यात, कोणत्या गट क्रमांकात, कोणती प्रदेशनिष्ठ वनस्पती फुलते याची वर्षानुवर्षांची नोंद हाती असेल, तर त्या दाव्याला उत्तर देता येते. पावसाळा संपल्यावर ती नोंद तयार करता येत नाही, कारण तोवर सडा पुन्हा कोरडा कातळ झालेला असतो.